परमुलखातलं खातं

इसवी सन १०५१ च्या अखेरीस बसरा शहरात दोन भाऊ येऊन पोचले. अंगावर लक्तरं, केस वाढलेले, कित्येक महिन्यांत आंघोळीचं पाणी अंगाला लागलेलं नाही. थोरल्याजवळ पुस्तकं ठेवायची एक खुर्जी होती. ती विकून आलेल्या थोड्या दिरहमांची पुडी बांधून दोघं हमामखान्याच्या दारात गेले. पुडी पाहून तरी घटकाभर जास्त बसू देतील, अशी आशा होती. पण हमामवाल्यानं त्यांचा अवतार पाहिला आणि वेडे समजून त्यांना हाकलून दिलं. बाहेर खेळणाऱ्या पोरांनीही त्यांना वेडेच समजून दगड मारले.

हा थोरला भाऊ म्हणजे फारसी भाषेतला एक मोठा कवी, नासिर खुस्रो. १००४ साली जन्मलेला हा माणूस मर्व शहरात सरकारी महसूल खात्यात कारकुनी करत होता. हिशेबात मुरलेला, चांगल्या पगाराचा. चाळिशीच्या आसपास त्याच्या मनानं उचल खाल्ली, त्यानं नोकरी सोडली आणि धाकटा भाऊ व एक हिंदी नोकर मुलगा बरोबर घेऊन तो मक्केच्या वाटेला लागला. १०४६ ते १०५२ अशी जवळपास सात वर्षं तो फिरत होता. जेरुसलेम, कैरो, मक्का आणि परत. या प्रवासाचं ‘सफरनामा’ हे त्याचं पुस्तक फारसी गद्यातला मानदंड समजलं जातं. आपल्याकडे उर्दूचे थोर कवी अल्ताफ हुसेन हाली यांनी १८८२ साली ते दिल्लीहून छापून प्रसिद्ध केलं होतं. मी स्वतः साधा बी.ए. झालेला माणूस. फारसी मला अडखळतच वाचता येते, म्हणून मी ते अनुवादातून वाचलं. कवीचं पुस्तक म्हणून हातात घेतलं, आणि त्यात एका कारकुनाची नजर पाहून थक्क झालो. कुठल्या गावात ब्रेडचा भाव काय, कुठे जकात किती, कुठलं माप किती भरतं, सगळं त्यानं नोंदवून ठेवलं आहे.

या नोंदींत बसऱ्याच्या बाजाराची एक नोंद आहे. बसऱ्यात तेव्हा दिवसातून तीन ठिकाणी बाजार भरायचा. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे. आणि व्यवहाराची रीत अशी, की ज्याच्याजवळ काही पैसा असेल त्यानं तो सराफाकडे ठेवायचा आणि त्याच्याकडून लेखी कागद घ्यायचा. मग बाजारात जे हवं ते घ्यायचं आणि किमतीची चिठ्ठी त्या सराफावर लिहून द्यायची. जोवर माणूस त्या शहरात आहे, तोवर त्याला सराफाच्या चिठ्ठीखेरीज दुसरं काही वापरावं लागत नसे.

जरा विचार करा. बसरा हे बंदर. येणारा व्यापारी इराणचा, ओमानचा, हिंदुस्तानचा. महिना-दोन महिने राहणार आणि वारा फिरला की जाणार. अशा परक्या, चार दिवसांच्या पाहुण्यासाठी केलेली ही सोय होती. आज आपण परदेशी गेल्यावर ज्याला ‘बँकेत खातं उघडणं’ म्हणतो, ते जवळजवळ हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या बाजारात रोजचं काम होतं. ‘सराफ’ हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत तो आला आणि नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक जुन्या गावाच्या पेठेत जाऊन बसला. रक्कम, जमा, बाकी, वसूल, हिशेब हे सगळे शब्द त्याच वाटेनं आले. आपली कीर्दखतावणी अर्धी अरबी बोलते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

पण गंमत बघा. इतकी चोख सोय असलेल्या त्या शहरात नासिर खुस्रो उघडा पडला, कारण सराफाकडे ठेवायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. उलट ज्यानं उंटावरून वाळवंट पार करून आणलं, त्या अरबाचे तीस दिनार त्याच्या डोक्यावर होते. सोय होती ती असणाऱ्यांसाठी. नसणाऱ्याला तिथेही दगडच होते. शेवटी एका ओळखीच्या इराणी विद्वानामार्फत अहवाजच्या राजाच्या वजिरापर्यंत त्याची चिठ्ठी गेली. वजिरानं कपड्यांसाठी तीस दिनार पाठवले, उंटवाल्याचं देणंही भागवलं. मग तो पुन्हा त्याच हमामखान्यात गेला. आता सगळे सेवक उठून उभे राहिले.

वजिराला जाऊन भिडली ती चिठ्ठी. चिठ्ठीची ताकद नासिरनं त्याआधीच अनुभवली होती. सुमारे वर्षभरापूर्वी तो तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावर ऐझाब नावाच्या बंदरात अडकून पडला होता. समोर जेद्दा, पण गलबताला वारा नाही. तीन महिने गेले, खर्ची संपली. निघताना अस्वान गावातल्या एका मित्रानं त्याला ऐझाबमधल्या आपल्या गुमास्त्याच्या नावे पत्र दिलं होतं. मजकूर साधा: नासिर जे मागेल ते द्या, त्याची पावती घ्या, पैसे माझ्या नावे मांडा. नासिरनं गुमास्त्याकडून पीठ घेतलं, पावती लिहून दिली आणि वेळ निभावली. या मित्राचे उपकार तो पुस्तकात आवर्जून नोंदवतो.

म्हणजे परक्या मुलखात माणसाला पैसा मिळवून देणारे तीन मार्ग या एकाच प्रवासात दिसतात. एक, ओळखीच्या माणसाचं पत्र. दोन, नाव असलेल्या सराफाचा कागद. आणि ही दोन्ही नसतील तर कुणा मोठ्या माणसाची दया. पुढच्या हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या तिसऱ्या मार्गावर कुणाला जावं लागू नये, यासाठी पहिल्या दोन मार्गांची केलेली डागडुजी आहे, असं मला वाटतं.

आपल्याकडची हुंडी हे त्याच जातीचं साधन. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी, ठरल्या मुदतीनंतर मिळायचे ती मुदती. पण मला सगळ्यात मार्मिक वाटते ती शहाजोग हुंडी. हिचे पैसे कुणाही आलेल्याला देत नसत. ‘शहा’ म्हणजे बाजारात पत असलेला, सगळ्यांना माहीत असलेला पेढीवाला. अशा शहाच्या हातीच पैसे पडायचे. हुंडी वाटेत चोरीला गेली तरी चोराला आधी गावातला एखादा शहा आपल्या बाजूनं उभा करावा लागे. अनोळखी माणसाला पैसे देण्याआधी ‘याला ओळखतं कोण?’ हा प्रश्न विचारण्याची ही पद्धत होती.

नरसी मेहतांची हुंडीची कथा आपल्या कीर्तनकारांनी घरोघरी पोचवली आहे. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेतल्या चोरांची भीती होती, रोकडा बरोबर न्यायचा नव्हता. कुणीतरी थट्टेनं त्यांना निर्धन नरसीकडे धाडलं. नरसीनं द्वारकेच्या शामळशा शेटजींच्या नावे हुंडी लिहून दिली आणि प्रत्यक्ष भगवंतानं शेटजीच्या वेषात येऊन ती वटवली. मला ही कथा लहानपणापासून आवडते. तिच्यातल्या चमत्काराहून तिच्यातली काळजी मला जवळची वाटते. यात्रेला निघालेल्या गरीब माणसाची काळजी द्वारकेच्या वाटेवर आणि मक्केच्या वाटेवर एकच असते. कमरेला बांधलेलं गाठोडं परक्या गावापर्यंत सुखरूप कसं पोचवायचं?

युरोपात या प्रश्नावर १७७२ साली रॉबर्ट हेरीस या व्यापाऱ्यानं लंडनमध्ये तोडगा काढला. त्यानं ‘सर्क्युलर नोट’ सुरू केली. लंडनमध्ये पैसे भरायचे, नोटा घ्यायच्या आणि युरोपातल्या अनेक शहरांत त्या वटवायच्या. १८७४ साली थॉमस कुकनं आपल्या प्रवाशांसाठी अशाच नोटा काढल्या. पुढे अमेरिकन एक्स्प्रेसचे अध्यक्ष फार्गो युरोपात फिरायला गेले, तेव्हा त्यांच्याजवळचं पतपत्र मोठी शहरं सोडली तर कुठे वटेना. त्यातून १८९१ साली त्यांच्या कंपनीचा प्रवासी धनादेश आला. त्यातली युक्ती अगदी साधी होती. घेताना एकदा सही करायची, वटवताना कारकुनासमोर दुसऱ्यांदा करायची. दोन्ही सह्या जुळल्या की माणूस खरा. ना मित्राचं पत्र, ना पतदार शहा. माणूस स्वतःच स्वतःचा जामीन झाला. हे प्रवासी धनादेश आता जवळजवळ नाहीसे झाले आहेत, पण शंभर वर्षं त्यांनी सामान्य प्रवाशाला परक्या काउंटरवर ताठ मानेनं उभं केलं.

सामान्य म्हणजे अर्थातच पांढरपेशा. मुंबईच्या धक्क्यावरून हजला निघणाऱ्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या हाती ते क्वचितच आलं असेल. एकोणिसाव्या शतकात त्याच्याजवळ असत चांदीचे रुपये, कमरेच्या पट्ट्यात शिवलेले. वाटेत लूट, आजार, तिकिटांचा काळाबाजार, आणि मग जेद्द्यात परतीचे पैसे नाहीत म्हणून अडकलेली माणसं. इंग्रज सरकारनं १८८६ साली हाजींच्या प्रवासाची व्यवस्था त्याच थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली. तो प्रयोग काही वर्षांत गुंडाळला गेला. पुढे १९२५ साली कायदा झाला, की हजला निघणाऱ्यानं परतीचं तिकीट घ्यावं किंवा तेवढी रक्कम आधी अनामत ठेवावी. थोडक्यात, परदेशात खातं नाही, तर निदान परतीची सोय घरीच बांधून ठेवा.

जेद्द्यात पहिली आधुनिक बँक आली ती १९२६ साली, आणि ती हॉलंडची होती. इंडोनेशियावर तेव्हा डच राज्य होतं. तिथून दर वर्षी हजारो हाजी जहाजांनी येत. त्यांच्या पैशांची सोय व्हावी म्हणून ‘नेदरलंड्स ट्रेडिंग सोसायटी’नं ही शाखा उघडली. आज सौदी अरेबियात प्रचंड बँका आहेत, पण त्या देशातल्या बँकिंगची सुरुवात काही आठवड्यांसाठी येणाऱ्या परक्या यात्रेकरूंमुळे झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याहून नवल पुढे घडलं. १९५२ साली सौदी अरेबियानं आपली मध्यवर्ती चलनसंस्था स्थापन केली. लोकांचा विश्वास चांदीच्या रियालवर, कागदावर नाही, आणि कागदी चलन काढण्याची त्या संस्थेला मुभाही नव्हती. पण चांदीच्या नाण्यांचं ओझं घेऊन हाजींनी फिरायचं कसं? म्हणून १९५३ साली तिनं ‘हाजींची पावती’ काढली. दहा रियालची एक पावती. तेवढी चांदी आमच्या तिजोरीत तुमच्या नावे ठेवली आहे, असं तिच्यावर अरबीबरोबरच हाजींच्या इतर भाषांतही छापलं होतं. हाजींसाठी काढलेली ही पावती बाजारातल्या दुकानदारांनाही इतकी सोयीची वाटली, की ती देशभर चलनासारखी फिरू लागली. खरी कागदी नोट १९६१ साली आली, तोवर लोकांना कागदाची सवय लागून गेली होती. पाहुण्यांच्या सोयीनं यजमानाचं चलन घडवलं.

आपल्या रिझर्व्ह बँकेनंही १९५९ साली खास ‘हज नोटा’ काढल्या होत्या. दहा आणि शंभर रुपयांच्या. नेहमीच्या नोटांहून रंग वेगळा, क्रमांकाआधी ‘एचए’ ही इंग्रजी अक्षरं आणि नोटेवर ‘हज’ असा शब्द. त्या काळी आखाती देशांत भारतीय रुपया सर्रास चालायचा. त्याचा फायदा घेऊन सोन्याची चोरटी आयात करणारे रुपये तिकडे नेत आणि आपली परकी गंगाजळी त्यात खर्च होई. म्हणून आखातासाठी वेगळ्या नोटा आणि हाजींसाठी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. पुढे १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उरल्यासुरल्या आखाती राज्यांपैकी बहुतेकांनी रुपया सोडला. सत्तरच्या दशकात हज नोटाही बंद झाल्या.

माझे आजोबा साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून बोटीनं हजला गेले होते. कोकणातला माणूस, आंब्याच्या दहा-बारा कलमांवर आणि थोड्या भातावर जगणारा. वीस वर्षं साठवून त्यांनी प्रवासाचे पैसे जमवले. मुसाफिरखान्यात चार दिवस मुक्काम, कागदपत्रं, देवीच्या लशीचा दाखला आणि मग त्या नोटा. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. हे सगळं आजी सांगायची. हज नोट तिनं हातात घेऊन पाहिली होती. ती म्हणायची, “नोट आपल्या सरकारची, पण आपल्या वाण्याकडं चालत नव्हती रे बाबा!” तिला त्याचं फार हसू यायचं. मला मात्र आज वाटतं, ती नोट म्हणजे एक प्रकारचं पासबुकच होतं. बँकेची पायरी कधी न चढलेल्या माणसाला परक्या देशात ‘याच्या मागे एक सरकार उभं आहे’ असं सांगणारा तो कागद होता.

त्याच सुमारास मलेशियात या प्रश्नावर अधिक मोठा विचार झाला. तिथले शेतकरी हजसाठी पैसे गादीखाली, मडक्यात साठवत, नाहीतर जमीन आणि गुरं विकून जात आणि परत आल्यावर कंगाल होत. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञानं १९५९ साली त्यासाठी बचतसंस्थेची कल्पना मांडली आणि १९६३ साली ती संस्था सुरू झाली. आज ती ‘ताबुंग हाजी’ या नावानं ओळखली जाते. यात्रेकरूच्या काळजीतून देशातली एक मोठी वित्तसंस्था उभी राहिली.

आपल्या सर्वसाधारण प्रवाशाची कथा मात्र बराच काळ तंगीचीच राहिली. परकी चलनाचा दुष्काळ आणि १९७३ चा कडक ‘फेरा’ कायदा. त्या काळात परदेशी गेलेल्यांच्या तोंडून खिशातल्या आठ डॉलरची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. २००० साली ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेनं सामान्य भारतीयाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आता ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे आणि या मर्यादेत परदेशात खातंही उघडता येतं. आपल्या बाजूचं दार उघडलं. पण तोवर पलीकडचं दार किलकिलं झालं होतं.

काही वर्षांपूर्वी माझी भाची पाच महिन्यांच्या संशोधनासाठी ब्रिटनमध्ये गेली. घरमालक म्हणे, भाडं इथल्या खात्यातून द्या. बँक म्हणे, खातं हवं तर पत्त्याचा पुरावा द्या, विजेचं बिल आणा. बिल यायला घर हवं, घर मिळायला खातं हवं. तीन आठवडे ती पोर या चक्रात फिरली. पासपोर्ट होता, व्हिसा होता, पैसेही होते. ‘याला ओळखतं कोण?’ या जुन्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं. अखेर विद्यापीठानं बँकेच्या नावे एक पत्र दिलं: ही आमच्याकडे काम करते, अमुक ठिकाणी राहते. त्या पत्रावर खातं उघडलं. तिनं फोनवर हे सांगितलं, तेव्हा मला अस्वानचा तो मित्र आठवला. साडेनऊशे वर्षांनंतरही काम झालं ते पत्रानंच.

बँका अशा का वागतात, यालाही इतिहास आहे. अमली पदार्थांचा पैसा बँकांतून धुतला जातो म्हणून १९८९ साली प्रमुख देशांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय कृतिदल नेमलं. २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर अमेरिकेनं खातेदाराची ओळख पटवणं कायद्यानंच बंधनकारक केलं आणि जगभर नियम कडक झाले. यात चूक काही नाही. चोर आणि दहशतवादी यांना सराफाची पेढी मोकळी नसावी, हे बसऱ्याच्या सराफालाही पटलं असतं. पण नियमाची चाळणी अशी बसली, की मोठा चोर वकील लावून, कंपन्या काढून पलीकडे जातो आणि पाच महिन्यांची पाहुणी अडकते. जपानमध्ये नोकरीसाठी न गेलेला परदेशी माणूस सहा महिने होईपर्यंत चलनाच्या कायद्यात ‘अनिवासी’च असतो आणि बँका त्याला साधं खातं सहसा देत नाहीत. युरोपीय संघानं मात्र २०१४ साली उलट पाऊल टाकलं. संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, मग त्याला कायमचा पत्ता नसो किंवा तो आश्रय मागणारा निर्वासित असो, मूलभूत खातं मिळण्याचा हक्क दिला. खातं ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हा विचार मला महत्त्वाचा वाटतो.

आणि आपण? आपल्या पाहुणचाराचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. काही अपवाद सोडले, तर भारतात फिरायला आलेल्या परदेशी पाहुण्याला आपल्या बँकेत सहा महिन्यांपर्यंत खातं उघडता येतं. बाहेरून मागवलेला पैसा किंवा इथे बदललेलं चलन त्यात ठेवायचं आणि जाताना उरलेली रक्कम परत न्यायची. बसऱ्याच्या सराफाचीच ही रीत. २०२३ साली दिल्लीतल्या जी-२० परिषदेच्या वर्षी परदेशी प्रवाशांसाठी मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही सुरू झाली.

परदेशी पाहुण्यासाठी हे आपण केलं, ते चांगलंच केलं. पण परमुलूख काही समुद्रापलीकडेच असतो असं नाही. बिहारमधून भिवंडीच्या मागावर आलेला, मराठवाड्यातून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेला माणूसही सहा महिन्यांचा पाहुणाच असतो. त्याच्याकडेही विजेचं बिल नसतं. त्याच्यासाठी २०१० पासून ‘लघु खात्या’चा नियम आहे. पुरेशी कागदपत्रं नसली तरी स्वतःचा फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा, एवढ्यावर मर्यादित रकमेचं खातं उघडता येतं. ते आधी बारा महिन्यांसाठी असतं आणि पुढे ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर वाढवूनही मिळतं.

नियम कागदावर असतो. तो राबवणारा माणूस खिडकीमागे बसलेला असतो. समोर आलेल्याचे मळके कपडे पाहून ‘उद्या या’ म्हणायचं, की खुर्ची पुढे करून ‘बसा, फोटो आणलाय का?’ विचारायचं, हे अखेर त्याच्या हातात आहे. आपल्यापैकी अनेक जण अशा खिडक्यांमागे बसतात, आणि आपल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी आज दूर कुठेतरी दुसऱ्या एखाद्या खिडकीपुढे उभं आहे.